मॅडम, माझं काम कुठल्या कप्प्यात बसतं?

मागच्या अंकात आम्ही वाचकांना विचारलं होतं, सर्व्हेवाले दारात येऊन "काय काम करता" विचारतात तेव्हा तुम्ही काय सांगता, आणि त्या उत्तराचं पुढं काय होतं याबद्दल काही शंका आहेत का. पत्रं आली, व्हॉट्सॲपवर मेसेज आले, एकानं तर वहीच्या पानावर लिहून फोटो पाठवला. मी पंचवीस वर्षं घरोघरी फिरून हाच प्रश्न विचारलाय आणि नंतर ऑफिसात बसून लोकांच्या उत्तरांना कोड लावलेत, म्हणून संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्याकडं दिला. जनगणना तोंडावर आलीय, १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख आहे, त्यामुळं हे आत्ताच बोललेलं बरं. सगळी पत्रं घेता आली नाहीत, सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : ताई नमस्कार. आमच्या घरात कोल्हापुरी चपलांचं काम आहे. मालक तळ कापतात, सासरे जोडणी करतात, मी वेणी घालते आणि पट्ट्याचे टाके घालते. दुपारी घरचं आवरलं की बसते ती दिवेलागणीपर्यंत, सिझन असला की रात्री बारा पण वाजतात. मध्ये एक मुलगा टॅब घेऊन आला होता, मी आत होते, सासरे म्हणाले "सून घरातच असते". त्यानं तसंच लिहून घेतलं असणार. त्यानं काही बिघडतं का?
— एक भगिनी, जवाहरनगर

उत्तर : बिघडतं ताई, आणि लई बिघडतं. म्हणून तुमचं पत्र पहिलं घेतलं आणि त्याला जरा जागाही जास्त देते.

आधी काय झालं ते सांगते. टॅब घेऊन येणारा बहुतेक पीएलएफएसचा असणार, म्हणजे श्रमशक्तीचा जो सर्व्हे केंद्र सरकार २०१७ पासून सलग करतंय तो. त्यात घरातल्या प्रत्येक माणसाला पहिल्यांदा एक दोन आकडी कोड लागतो, तो माणूस कामाच्या बाबतीत कुठं उभा आहे त्याचा. स्वतःचा धंदा स्वतः करणारा ११, माणसं कामाला ठेवून धंदा करणारा १२, घरच्या धंद्यात पगार न घेता हात लावणारा २१, कायम पगारावरचा ३१, रोजंदारीवाला ५१, शिकणारा ९१. आणि फक्त घरकाम करणाऱ्या बाईला ९२. तुमच्या सासऱ्यांनी जे चार शब्द सांगितले त्यावरून तुम्हाला ९२ लागला असणार. खरं तर तुम्ही २१ आहात. आणि समजा घरच्या धंद्याऐवजी बाहेरचा व्यापारी तुम्हाला कातड्याच्या वाद्या आणून देतो आणि डझनावर पैसे देतो असं असेल, तर २१ पण नाही, मग तुम्ही ११. घरी बसून नगावर काम करणाऱ्यांना या सर्व्हेत स्वयंरोजगारवाले धरतात.

आता ९२ आणि २१ मध्ये फरक काय, दोन्ही आकडेच ना, असं वाटेल. फरक असा आहे की ९२ लागला की पुढचे रकाने बंद होतात. तुम्ही काय बनवता, कुठल्या उद्योगात, किती तास, हे प्रश्न मग तुम्हाला विचारलेच जात नाहीत. २१ लागला की ते रकाने उघडतात, तुमच्या नावापुढं व्यवसायाचा कोड येतो, आणि तुम्ही चपला करणाऱ्या कारागिरांमध्ये मोजल्या जाता. तुमचे मालक आधीच मोजले गेलेत, सासरे मोजले गेलेत. जोड एकच, तो तिघांच्या हातातून गेलाय, आणि कागदावर कारागीर दोन.

मी हे इतकं पोटतिडकीनं लिहितेय कारण नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः हे केलंय. एका वस्तीत दुपारी गेले होते, दारात एक वयस्कर गृहस्थ रापी घेऊन कातडं कापत बसले होते, त्यांना विचारत गेले आणि लिहीत गेले. घरातल्या बाईबद्दल ते म्हणाले "काय नाही, घरीच", मी ९२ लिहिलं. ती बाई माझ्यापासून चार हातांवर बसली होती. कातड्याच्या सुतळीएवढ्या बारीक वाद्या पाण्यात भिजवून ठेवलेल्या, तिनं त्यांचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलं होतं आणि दोन्ही हातांनी वेणी घालत होती, नजर सुद्धा खाली नव्हती, माझ्याकडं बघून हसत होती. मी निघताना तिनं पाणी दिलं तेव्हा बोटांच्या पेरांवर कातड्याचा तांबूस रंग चढलेला दिसला. दोन गल्ल्या पुढं गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. परत गेले, फॉर्म दुरुस्त केला. पण त्याआधी ज्या घरांमध्ये मी परत गेले नाही त्यांचं काय, हा विचार अजूनही जात नाही.

व्यवसायाचा कोड म्हणाल तर चपला-बूट करणाऱ्यांचा चार आकडी कोड, त्याला यादीत "कुटुंब" म्हणतात, तो ७५३६ आहे. पहिला आकडा ७ म्हणजे कारागीर, हातानं किंवा हत्यारानं वस्तू घडवणारे. पण सर्व्हेत व्यवसाय तीनच आकड्यांपर्यंत लिहितात, म्हणजे ७५३, आणि त्या ७५३ मध्ये शिंपी पण आहेत, भरतकामवाले पण आहेत, कातडं कमावणारे पण आहेत. त्यामुळं कोल्हापुरी चप्पल करणारे नेमके किती हे त्या आकड्यातून काढायचं तर उद्योगाचा कोड जोडून बघावं लागतं. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्यासारख्याच चपला झळकल्या आणि इथं गदारोळ झाला, तेव्हा मला ओळखीतल्या दोघातिघांनी फोन करून विचारलं, की हे काम करणारी माणसं आहेत तरी किती? या चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत, नाव तर सुरक्षित झालं. पण माणसं मोजायची तर दारातल्या उत्तरावरच सगळं येऊन थांबतं, आणि तिथं बाई "घरातच असते".

एक गोष्ट अजून. स्वयंपाक, धुणीभांडी, म्हाताऱ्यांचं बघणं हे घरच्यासाठी केलेलं काम या हिशोबात रोजगार म्हणून येत नाही, मला ते पटत नाही पण नियम तसा आहे. २०१३ मध्ये जगभरच्या कामगार-आकडेवारीवाल्यांच्या परिषदेनं एवढं मान्य केलं की हेसुद्धा काम आहे, फक्त रोजगार म्हणजे पैशासाठी किंवा नफ्यासाठी केलेलं काम. ते घरकाम वेगळ्या सर्व्हेत मोजतात, वेळेच्या वापराच्या. २०२४ च्या त्या सर्व्हेत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो असं आलं, आणि पुरुषांचा ८८. म्हणजे तुम्ही पाच तास ते करून मग वेणीला बसता.

आणि दारात म्हैस असेल तर तेही सांगा. जनगणनेच्या २०११ च्या व्याख्येत शेती आणि दूध उत्पादन फक्त घरच्या खाण्यापिण्यासाठी असलं तरी ते काम धरलंय. आपल्याकडं सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालणाऱ्या बाईला पण लोक "घरीच असते" म्हणतात, धार काढायला काय म्हैस स्वतः बसते का?

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत अकरा वर्षं आहे. पगाराच्या स्लिपवर "हेल्पर" आहे. प्रत्यक्षात मोल्डिंग करतो, बॉक्स भरतो, कोअर बसवतो, नवीन पोरांना शिकवतो पण. सर्व्हेत मी काय सांगायचं? हेल्पर सांगितलं तर खोटं आणि मोल्डर सांगितलं तर कागद नाही.

उत्तर : दादा, मोल्डर सांगायचं. कागद कुणी मागत नाही.

या पद्धतीचा पायाच असा आहे की हुद्दा बघायचा नाही, काम बघायचं. एका माणसाला नेमून दिलेली कामं म्हणजे त्याची नोकरी, आणि ज्या नोकऱ्यांमधली मुख्य कामं एकमेकांसारखी आहेत त्यांचा गठ्ठा म्हणजे एक व्यवसाय. स्लिपवर काय छापलंय, कायम की कंत्राटी, पगार किती, यातलं काही त्या व्यवसायाच्या कोडमध्ये येत नाही. आशा ताईंचं उदाहरण घ्या, त्यांना पगार नाही, मानधन आहे, तरी आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात सामुदायिक आरोग्य सेविकांचं कुटुंब ३२५३ आहे, म्हणजे तिसऱ्या विभागात, तंत्रज्ञांच्या रांगेत.

तुमचं म्हणाल तर साचे आणि त्यातले गाभे म्हणजे कोअर करणारे ७२११. "कारखान्यात हेल्पर" एवढंच सांगितलं तर लिहिणारा काय करणार, तो ९३२९ कडं जातो, तिथं कारखान्यातले इतर किरकोळ मजूर आहेत. दोन्हींमध्ये अंतर किती आहे बघा. रेतीत ओल किती पाहिजे हे मुठीत दाबून ओळखणारा माणूस आणि झाडलोट करणारा माणूस एका कप्प्यात जातो, आणि मग वरून बघणाऱ्याला वाटतं कोल्हापुरात कुशल मोल्डर कमी आहेत. नाहीत कमी, स्लिपवर हेल्पर आहेत.

अजून एक घोळ बरेच जण करतात तो इथंच सांगते. कोड दोन असतात, एक तुमच्या व्यवसायाचा आणि एक तुम्ही ज्या उद्योगात आहात त्याचा. तुमची फौंड्री लोखंडाचं कास्टिंग करते, त्या उद्योगाचा कोड २४३१, हा राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणातला, २००८ चा. तो मोल्डरला पण तोच, गेटवरच्या वॉचमनला पण तोच, टॅली भरणाऱ्या मुलीला पण तोच. व्यवसायाचा कोड मात्र तिघांचा तीन. म्हणून "फौंड्रीत आहे" एवढं उत्तर अर्धंच असतं, फौंड्रीत काय करता ते पण पाहिजे.

बाकी या कोडमुळं तुमचा पगार वाढणार नाही, हे स्वच्छ सांगते. किमान वेतनासाठी कुशल, अर्धकुशल, अकुशल अशी जी विभागणी असते ती वेगळी, तिचा या आकड्यांशी थेट संबंध नाही. स्लिप बदलून घ्यायची तर ती लढाई कामगार खात्याच्या ऑफिसातली. पण अनुभवाच्या जोरावर कौशल्याचं सर्टिफिकेट देणारी सरकारी सोय आहे, आरपीएल म्हणतात तिला, त्याची चौकशी करा, अकरा वर्षं हा काही थोडा अनुभव नाही.

प्रश्न : हुपरीत चांदीची पैंजणं बनवतो, पुढच्या खोलीत स्वतःच विकतो पण. मी कारागीर का दुकानदार?

उत्तर : कारागीर, ७३१३. नियमच आहे, एकच माणूस वस्तू बनवतो पण आणि विकतो पण, तर बनवण्याला मान आधी. बेकरीवाला स्वतः पाव भाजतो आणि विकतो, तो बेकर. तयार माल आणून फक्त विकत असता तर दुकानदार झाला असता.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. हे व्यवसायांचे आकडे कोण ठरवतं आणि एवढे लांबलचक कशाला?

उत्तर : परीक्षेपुरतं सांगते, मग थोडं परीक्षेबाहेरचं.

जगभराचा ढाचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटना ठरवते. कामगार-आकडेवारीवाल्यांची पहिली परिषद १९२३ मध्ये झाली, त्यात हा विषय निघाला, पण पूर्ण वर्गीकरण मान्य व्हायला १९५७ उजाडलं. ते पहिलं १९५८ चं, मग १९६८, १९८८ आणि २००८. आपल्याकडं केंद्राचं कामगार मंत्रालय त्याला धरून भारताचं वर्गीकरण करतं, १९५८, १९६८, मग मध्ये चांगली छत्तीस वर्षं गेली आणि २००४, आणि शेवटचं २०१५. त्या छत्तीस वर्षांत इथं काय काय होऊन गेलं याचा विचार कर, टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, आणि यादी तीच.

आकडा डावीकडून वाचायचा. पहिला आकडा विभाग, १ म्हणजे मॅनेजर, अधिकारी, २ व्यावसायिक तज्ञ, ३ तंत्रज्ञ, ४ क्लार्क, ५ सेवा आणि विक्री, ६ कुशल शेतकरी, ७ कारागीर, ८ मशीन चालवणारे, ९ साधी कामं. दुसरा आकडा आला की पोटविभाग, तिसरा गट, चौथा कुटुंब. आंतरराष्ट्रीय यादीत सैन्यदलं धरून १० विभाग आणि खाली ४३६ कुटुंबं आहेत. भारतानं २०१५ मध्ये या चार आकड्यांपुढं टिंब देऊन अजून चार आकडे लावले, म्हणून आठ. त्यात सुमारे ३६०० व्यवसाय बसवलेत. लांबी यासाठी की ज्याला जेवढं खोल जायचंय तेवढंच त्यानं वाचावं, नोकरी शोधायच्या सरकारी पोर्टलला आठ आकडे लागतात, सर्व्हेला तीन पुरतात, आणि दुसऱ्या देशाशी तुलना करायची तर पहिल्या चारांवर काम भागतं.

आता परीक्षेबाहेरचं. यादी नुसती पाठ करू नको. ७ आणि ८ मध्ये फरक काय, एवढं जरी नीट समजून घेतलंस तरी सगळं समजेल. त्यासाठी पुढचं पत्र वाच.

प्रश्न : इचलकरंजीत आमच्या घरात आजोबा हातमागावर होते, वडील यंत्रमागावर, आई त्याच शेडमध्ये कांड्या भरते. तिघांचं काम कापडाचंच की.

उत्तर : कापडाचंच, पण कोड तीन. आजोबा ७३१८, हातानं विणणारे. वडील ८१५२, विणायचं मशीन चालवणारे. आई ८१५१, सूत गुंडाळायच्या मशीनवाल्या. आजोबांचा ७ आणि वडिलांचा ८. कापड कसं होतं हे पूर्ण माहीत असून ते हातानं घडवतो तो ७ मध्ये, मशीन चालवायचं, लक्ष ठेवायचं, धागा तुटला की जोडायचा तो ८ मध्ये. यात वरचा-खालचा कुणी नाही, दोन्हींची कौशल्याची पायरी एकच धरलीय. तुमच्या एका घराच्या तीन कोडमध्ये अख्ख्या इचलकरंजीचा इतिहास आहे, तो आजोबांना विचारून लिहून ठेवा, हे मी मनापासून सांगते.

प्रश्न : मॅडम मी चार घरी धुणीभांडी करते आणि दोन घरी स्वयंपाक. माझी मुलगी कॉलेजला आहे, ती म्हणाली तुझं काम नऊ नंबरात येतं, सगळ्यात खाली. मला वाईट वाटलं. खरं आहे का?

उत्तर : ताई, अर्धं खरं आहे आणि ते अर्धंही तिनं चुकीचं समजून घेतलंय.

धुणीभांडी, झाडलोट ९१११, बरोबर. पण घरगुती स्वयंपाक करणारी ५१२० मध्ये जाते, तिथंच जिथं हॉटेलातला कुक जातो. तुम्ही दोन्ही करता. आंतरराष्ट्रीय नियम असा की एकाच नोकरीत वेगवेगळ्या पायरीची कामं असली तर जास्त कौशल्याचं काम धरायचं. तुमची घरं वेगवेगळी आहेत, त्यामुळं कुठल्या कामाला वेळ जास्त जातो तेही सांगावं लागेल, पण स्वयंपाकाचा उल्लेख राहू देऊ नका. आपल्या बायका "घरकाम करते" एवढं बोलून मोकळ्या होतात, त्यात वीस माणसांच्या पोळ्या लाटणं पण बुडतं.

आता खाली-वर काय ते. हे विभाग माणसाच्या मानानं लावलेले नाहीत, कामाला किती शिक्षण किंवा शिकाऊपणा लागतो त्यावर चार पायऱ्या केल्यात, नववा विभाग पहिल्या पायरीवर, ४ ते ८ दुसऱ्या, ३ तिसऱ्या, २ चौथ्या. आंतरराष्ट्रीय नियमात स्पष्ट म्हटलंय की कौशल्य शाळेतच मिळतं असं नाही, काम करता करता आलेलं पण चालतं. आपल्याकडं मात्र पायऱ्या सांगताना शाळेची वर्षं पुढं येतात, पहिली पायरी दहावीपर्यंत, दुसरी ११ ते १३ वर्षं, असं, आणि मग लोकांच्या मनात ते शिक्षणाच्या उतरंडीसारखं बसतं. मला यात सुधारणा पाहिजे असं मी नोकरीत असताना पण बोललेय. पायरी कामाची असते, बाईची नाही. पदवीधर मुलगी जर झाडलोटीचं काम करत असेल तर तिलाही ९ च लागतो.

मुलीला माझा निरोप द्या, की तिची फी ज्या कामातून भरली जाते त्याला नंबर आहे म्हणजे ते काम सरकारनं काम म्हणून मोजलंय, ९२ सारखं बाजूला काढलेलं नाही. आणि ई-श्रमवर नाव घातलं नसेल तर घाला, ते पोर्टल २०२१ मध्ये सुरू झालं ते तुमच्यासारख्या असंघटित कामगारांसाठीच, तिथंही व्यवसाय निवडावा लागतो, तो मुलीकडून नीट निवडून घ्या.

प्रश्न : आमचा गुऱ्हाळाचा व्यवसाय नाही पण मी गुळव्या आहे. चार-साडेचार महिने गुऱ्हाळावर, बाकी स्वतःची दीड एकर शेती, आणि मधे मधे भावाचा टेम्पो चालवतो. सगळ्यात जास्त पैसा गुळात. मी शेतकरी, गुळव्या का ड्रायव्हर?
— करवीर तालुका

उत्तर : तुमच्यासारखी माणसं कोल्हापुरात घरटी सापडतात, आणि कोड लावणाऱ्याला सगळ्यात जास्त घाम फोडतात.

सर्व्हेचा नियम पैशाचा नाही, वेळेचा आहे. मागच्या ३६५ दिवसांत ज्या कामात जास्त वेळ गेला ते मुख्य. तुमचं जर शेतीत सहा महिने आणि गुऱ्हाळावर साडेचार, तर मुख्य काम शेती, मिळकत कितीही असो. पण गुळव्याचं काम वाया जात नाही, ३० दिवस किंवा जास्त केलेलं दुसरं काम दुय्यम म्हणून लिहिता येतं, ते विचारतात, फक्त तिथपर्यंत येईतो सांगणारा कंटाळलेला असतो आणि "बास झालं की आता" म्हणतो. तसं म्हणू नका. जनगणनेत हिशोब थोडा वेगळा, तिथं वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलेला मुख्य कामगार, त्याच्या आत सीमांत.

टेम्पोचे दिवस मोजा, तीसच्या आत असतील तर ते या हिशोबात धरत नाहीत.

आणि गुऱ्हाळावर काय करता विचारलं तर "गुऱ्हाळात कामाला" म्हणू नका, हे विनंती करून सांगते. गुऱ्हाळात चुलवाणाला जळण घालणारा पण कामालाच असतो, ऊस घाण्याला लावणारा पण. मी एकदा सर्व्हे संपल्यावर गुळव्याजवळ तासभर बसले होते. काहिलीतला रस उकळताना त्याचा फेस कसा फुटतो, आवाज कसा बदलतो, हे तो बघत आणि ऐकत होता, मळी काढून झाली होती, मग एक थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघितली आणि एकदम ओरडला "उतरा!", आणि चार माणसं धावली. अर्धा मिनिट मागंपुढं झालं असतं तर गुळाचा रंग गेला असता, सौद्याला भाव पडला असता. थर्मामीटर कुठं नव्हता. या माणसाला "मजूर" लिहिणं म्हणजे आकडेवारीच चुकवणं आहे. सांगताना असं सांगा, उसाचा रस शिजवून गूळ तयार करतो, पाक कधी उतरायचा ते मी ठरवतो. एवढं वाक्य लिहिलं गेलं की कोड लावणारा तुम्हाला खाद्यपदार्थ तयार करणाऱ्यांकडंच नेईल, हमालांकडं नाही. उद्योगाच्या यादीत गूळ साखरेच्याच गटात आहे, १०७२.

प्रश्न : मोटरसायकलवरून जेवणाची पार्सलं पोचवतो, ॲपवर. कंपनी म्हणते तुम्ही पार्टनर. सर्व्हेवाल्याला काय सांगू, नोकरी का धंदा?

उत्तर : व्यवसायाचं सोपं आहे, मोटरसायकल चालवून माल पोचवणारे ८३२१ मध्ये, ड्रायव्हर लोकांत. तेच पायी जाऊन पार्सल देणारा असेल तर ९६२१. गाडीनं विभाग बदलला बघा.

नोकरी का धंदा हे मात्र जगभर अडलेलं आहे. गाडी तुमची, पेट्रोल तुमचं, म्हणून स्वयंरोजगार म्हणावं, तर भाव ॲप ठरवतं, ऑर्डर ॲप देतं, आयडी बंद केला की धंदा बंद. म्हणून २०१८ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं या दोघांच्या मध्ये एक नवा वर्ग केला, अवलंबून असलेले कंत्राटदार अशा अर्थाचा. भारताच्या सामाजिक सुरक्षा संहितेत, २०२० च्या, गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार हे शब्द कायद्यात आले, आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. तुम्ही दारात "पार्टनर" सांगू नका, तो कंपनीचा शब्द आहे. ॲपकडून ऑर्डर घेतो, माझ्या गाडीवरून पोचवतो, ऑर्डरवर पैसे मिळतात, एवढं सांगा, वर्ग ठरवायचं काम लिहिणाऱ्याचं.

प्रश्न : तालमीत पोरं घडवणारा वस्ताद आणि कुस्ती खेळणारा पैलवान, यांना पण कोड आहे का? मित्रांची पैज लागलीय.

उत्तर : आहे. पैलवान खेळाडू म्हणून ३४२१, वस्ताद प्रशिक्षक म्हणून ३४२२. पण कुस्तीतून कमाई असेल आणि मुख्य वेळ तिच्यातच जात असेल तरच, दिवसभर दुकानात बसून संध्याकाळी तालमीत जाणाऱ्याला दुकानाचाच कोड.

प्रश्न : आम्ही खरं सांगितलं आणि उद्या टॅक्सवाले आले तर? म्हणून आमच्या गल्लीत सगळे "काय नाही, थोडंफार" सांगतात.

उत्तर : ही भीती मी हजार दारांत ऐकलीय, त्यामुळं हलक्यात घेत नाही. जनगणनेचा कायदा १९४८ चा आहे, त्याच्या कलम १५ प्रमाणं तुमची वैयक्तिक माहिती कुणाला बघायला मिळत नाही आणि कोर्टात पुरावा म्हणून पण चालत नाही. सर्व्हेसाठी २००८ चा सांख्यिकी संकलन कायदा आहे, त्यातही वैयक्तिक माहिती गुप्त ठेवायचं बंधन आहे. बाहेर पडतो तो गठ्ठ्याचा आकडा, नावाचा नाही. येणाऱ्याचं ओळखपत्र मात्र बघून घ्या, आणि ओटीपी, बँकेचा नंबर कुणी मागितला तर तो सर्व्हेवाला नाही, दार लावा.

प्रश्न : माझी आई ७४ वर्षांची आहे. रोज सकाळी कपिलतीर्थ मार्केटला भाजी घेऊन बसते. तिला विचारलं तर म्हणते "मी काय करतीया, बसती आपली". आम्ही पण वय बघून काही सांगत नाही. सांगावं का?

उत्तर : सांगावंच. कामाला वरची वयाची मर्यादा या सर्व्हेत नाही, साठ झाले म्हणून कुणाचं काम आपोआप पुसलं जात नाही. बाजारात बसून भाजी विकणारी ५२११, आणि धंदा तिचा स्वतःचा असेल तर आधीच्या रकान्यात ११. सर्व्हेवाला येईल तेव्हा शक्यतो दुपारनंतर बोलवा, ती मार्केटहून आलेली असते तेव्हा, आणि तुम्ही बोलू नका, तिला शेजारी बसवा. काय काम करता असं विचारलं की ती पुन्हा "काय न्हाई" म्हणेल, तेव्हा त्याला म्हणावं, माल कुठनं उचलता असं विचार. मग ती पहाटे किती वाजता उठते, कुणाकडनं मेथी घेते, जुडीमागं काय सुटतं, उरलेली कोथिंबीर ओल्या पोत्यात कशी ठेवते, सगळं सांगेल, आणि त्याला लिहायला वेळ पुरणार नाही.